समेट करा, पण कागदावर!

समाजबांधवांनो, आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात अजूनही कित्येक घरे शब्दावर बांधली जातात. गुत्तेदार ओळखीचा, हिशेब तोंडी, पावती नाही. पहिल्याच पावसात स्लॅब गळतो, गिलाव्याचे पोपडे पडतात आणि आपण पुढाऱ्याचे दार गाठतो. तो म्हणतो, "आपलाच माणूस आहे, सांभाळून घ्या." हा न्याय नव्हे, ही मतांची बेगमी आहे!

ग्राहक कायद्यात तक्रारीची मुदत २ वर्षे. 'आज करतो, उद्या करतो' म्हणत गुत्तेदार नेमकी तेवढीच काढतो.

घरबांधणी ही सेवा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ सालीच लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितले. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकिलाची सक्ती नाही. तेलुगूची धास्ती नको. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) मराठीत बोलता येते.

मिस्त्रीची घामाची मजुरी कोणी बुडवू नये. पण कामाआधी लेखी करार करा, पैसे टप्प्याटप्प्याने द्या. बिघाड दिसताच फोटो काढा, दुरुस्तीची तारीख घालून नोटीस पाठवा. तारीख टळली की आयोग!

आणि पुढाऱ्यांनो, समेट जरूर घडवा. पण लेखी, दोघांच्या सहीने आणि तारखेसह. तेवढी हिंमत नसेल, तर मध्ये पडू नका.