संसारांतील यंत्रें : हवेवर उभी राहणारी मोटार

बीड जिल्ह्यांतील पाली या गांवाहून आमच्या एका वाचकबंधूंनीं असें विचारलें आहे कीं, घरच्या जुन्या मोटारीच्या हवेच्या स्प्रिंगा बदलावयाच्या झाल्यास त्यांचे भरंवशाचे सुटे भाग कसे ओळखावे व कोठून घ्यावे. मोटार मर्सिडीझ-बेंझ कारखान्याची '३०० एसईएल' या जातीची, १९६८ सालची आहे. परदेशी वकिलातींनीं वापरलेल्या मोटारी त्या काळीं स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या मार्फत विकल्या जात, त्यांतली ही एक त्यांच्या वडील चुलत्यांनीं घेतली. हल्लीं ती रात्रीं उभी करून ठेवली म्हणजे सकाळपर्यंत मागच्या अंगानें पार खालीं बसलेली आढळते. घरांत यावर तीन मतें पडलीं आहेत. थोरल्या बंधूंचें म्हणणें, परदेशाहून अस्सल माल आणावा. मधले म्हणतात, कुर्ल्याच्या बाजारांतून वापरलेले भाग आणून काम भागवावें. धाकटे म्हणतात, हवेचें प्रकरणच काढून टाकून लोखंडी स्प्रिंगा बसवाव्या. पैसा समाईक तिजोरींतून जाणार असल्यामुळें निर्णय सर्वांस पटेल असा हवा. अशा मोटारी सांभाळणारीं घरें थोडीं असलीं, तरी या प्रश्नाच्या उत्तरांत सर्वांच्या उपयोगाच्या कांहीं गोष्टी आहेत; म्हणून तें येथें सविस्तर देत आहों.

प्रथम हें साधन काय आहे तें पाहूं. टांग्यापासून मालमोटारीपर्यंत आपल्या ओळखीची स्प्रिंग म्हणजे कमान-पाटे. पोलादी पाट्याचा ताठपणा ठरलेला असतो. भरल्या गाडीस पुरेल असा पाटा घातला तर रिकामी गाडी आदळते. रिकाम्या गाडीस मऊ असा घातला तर भरलेली गाडी खालीं बसते. हवेची गोष्ट निराळी आहे. कोंडलेल्या हवेचें आकारमान निम्में केलें कीं तिचा दाब दुप्पट होतो, हा नियम बॉईल यानें १६६२ सालींच मांडला होता. रबरी फुग्यांत हवा कोंडून त्यावर गाडीचा भार दिला म्हणजे धक्का जितका मोठा तितका फुग्याचा प्रतिकार वाढत जातो. शिवाय भार वाढतांच फुग्यांत थोडी अधिक हवा सोडली, तर गाडीची उंची बदलत नाहीं. मुंबई-पुणे मार्गावरील 'शिवनेरी' गाड्यांत बसलेल्या वाचकांनीं या सुखाचा अनुभव घेतलाच असेल.

एकत्र कुटुंबास हा गुण विशेष मोलाचा वाटावा, यांत नवल नाहीं. पाली हें बिंदुसरा धरणालगतचें, सोलापूर-धुळें महामार्गावरचें गांव. बीड शहरास आगगाडी आली ती २०२५ च्या सप्टेंबरांत. तोंपर्यंत या भागाचा सारा प्रवास सडकेनेंच होत असे. आज मोटारींत एकटा चालक असतो, तर उद्यां कुलदेवतेच्या दर्शनास मांजरसुंबा व केज या मार्गानें अंबाजोगाईस जावयाचें म्हणून वडील माणसें, मुलें व सामान मिळून ती भरून जाते. दोन्ही प्रसंगीं मोटार त्याच उंचीवर व त्याच सुखानें चालावी, याकरितांच ही योजना आहे.

परंतु या सुखाचा इतिहास निर्वेध नाहीं. अमेरिकेंत जनरल मोटर्सनें १९५७ सालीं आपल्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोहम या महाग मोटारीस हवेच्या स्प्रिंगा बसविल्या आणि १९५८ च्या मोटारींत ती सोय शेव्हरोलेपर्यंत सर्वांस देऊं केली. अनुभव वाईट आला. सांधे गळत, नळ्यांत ओल सांचे, आणि रात्रीं उभी असलेली मोटार सकाळीं एका अंगास कललेली दिसे. पुष्कळ मालकांनीं पदरचे पैसे घालून लोखंडी स्प्रिंगा बसवून घेतल्या आणि थोड्याच काळांत कंपनीनेंही ती सोय आवरती घेतली. जर्मनींत बोर्गवार्डनें १९६० च्या सुमारास व मर्सिडीझनें १९६१ सालीं हाच मार्ग धरला. मर्सिडीझनें तो पुढें '६००' व '३०० एसईएल' या मोटारींत चालू ठेवला, आणि त्यांपैकीं कित्येक आजही हवेवरच चालतात. तेव्हां कल्पना खोटी नव्हती. गळती व ओल हे तिचे दोन शत्रु होते. सुटे भाग निवडतांना हेच दोन शत्रु डोळ्यांपुढें ठेवावे.

आतां या मोटारीची रचना थोडक्यांत सांगतों. इंजिनाच्या बळावर चालणारा लहानसा कॉम्प्रेसर हवा दाबून टाकींत भरतो. टाकींतील हवा नळ्यांवाटे उंची राखणाऱ्या व्हाल्व्हांकडे जाते, आणि हे व्हाल्व्ह गाडी खालीं बसली कीं फुग्यांत हवा सोडतात व वर उचलली गेली कीं काढून घेतात. असे व्हाल्व्ह तीन असतात : पुढच्या दोन चाकांस एकेक आणि मागच्या दोहोंस मिळून एक. यावरून दोष शोधण्याची सोपी युक्ति निघते. पुढचा एकच कोपरा बसला तर दोष त्याच कोपऱ्यांत असतो. मागचीं दोन्ही अंगें एकदम बसलीं तर मागचा समाईक व्हाल्व्ह, त्याचे सांधे, अथवा दोहोंपैकीं कोणता तरी एक फुगा संशयित ठरतो. पालीच्या मोटारीचें लक्षण या दुसऱ्या प्रकारचें आहे. म्हणून चारही फुगे व कॉम्प्रेसर एकदम मागविण्याची घाई करूं नये.

रात्रीं सपाट फरशीवर मोटार उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचें अंतर मोजून वहींत लिहावें. सकाळीं इंजिन सुरू करण्यापूर्वीं तेंच पुन्हां मोजावें. असें चार दिवस करावें. नंतर कारागिराकडून सांध्यांवर, व्हाल्व्हावर व फुग्याच्या घडीवर साबणाचें पाणी लावून बुडबुडे कोठें येतात तें पाहवावें. सायकलची ट्यूब पाण्याच्या घमेल्यांत बुडवून छिद्र शोधतात, त्यांतलाच हा प्रकार. पुष्कळदां सारा दोष एका लहानशा रबरी कडींत सांपडतो, आणि हजारोंचा खर्च शेंकड्यांवर येतो.

दोष सांपडला म्हणजे निवडीचा प्रश्न येतो. त्यांत पहिली कसोटी रबराच्या वयाची. प्रेशर कुकरची कडी कपाटांत नुसती पडून राहिली तरी कडक होते, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. फुग्याचें रबर त्याच जातीचें. उष्णता, हवेंतील ओझोन व तेल यांनीं तें न वापरतांही जुनें होतें आणि प्रथम घडीच्या जागीं त्यास भेगा पडतात. जुन्या मोटारींच्या बाजारांत "मूळ कारखान्याचा, पेटी न फोडलेला" असा माल मोठ्या अभिमानानें दाखविला जातो. लोखंडी भागाच्या बाबतींत ती शिफारस खरी. रबराच्या बाबतींत तीच धोक्याची सूचना समजावी. चाळीस वर्षें पेटींत निजलेल्या फुग्यापेक्षां अलीकडे घडविलेला फुगा बरा. विकणाऱ्यास उत्पादनाची तारीख विचारावी आणि ती मालावर छापलेली दाखविण्यास सांगावें. टायरवर जसे आठवडा व वर्ष दाखविणारे चार आंकडे असतात, तशी खूण पुष्कळ कारखाने फुग्यांवरही करतात. तारीख सांगतां न येणाऱ्याकडून रबर घेऊं नये.

दुसरी कसोटी मापाची. एकाच नांवाच्या मोटारींत सालागणिक भाग बदललेले असतात. म्हणून मोटारीचा चासी-क्रमांक व जुन्या भागावरील क्रमांक लिहून पाठवावे. चांगला विक्रेता किंमत सांगण्यापूर्वीं हे क्रमांक विचारतो. "सर्व गाड्यांस बसतो" असें सांगणाऱ्यापासून दूर राहावें. या मोटारीपुरतें सांगावयाचें तर मूळ कारखान्याचें जुन्या गाड्यांसाठीं स्वतंत्र केंद्र जर्मनींत फेलबाख येथें १९९३ पासून आहे, आणि चौकशीस आरंभ तेथून करणें इष्ट. एखादा भाग तेथें मिळाला नाहीं तरी त्याचा खरा क्रमांक कळतो, व पुढील सर्व पत्रव्यवहारास तो आधार होतो.

तिसरी गोष्ट पुन्हां घडविलेल्या भागांची. जुन्या धातूच्या बैठकीवर नवें रबर चढवून देणारे कारागीर परदेशांत आहेत. असा माल वाईट नसतो, परंतु रबर जेथें धातूस चिकटून हवा रोखतें ती कड निर्मळ असली पाहिजे. तेथें गंजाचे खड्डे असतील तर नवें रबरही गळेल. दाब देऊन तपासणी केली काय, जबाबदारी किती महिन्यांची, व माल परत पाठविण्याचा खर्च कोणाचा, हें लेखी घ्यावें. हिंदुस्थानांत बसून परदेशी मालाची हमी उपभोगतां येत नसेल, तर त्या हमीची किंमत शून्य धरावी.

चौथी गोष्ट जोडीची. एका अंगाचा फुगा गेला तर त्याच आंसाचे दोन्ही बदलावे. दोहोंनीं सारखींच वर्षें काढलेलीं असल्यामुळें दुसराही फार दिवस टिकत नाहीं, आणि मजुरी दोनदां पडते. त्याबरोबर त्या भागांतील सर्व रबरी कड्याही नव्या घालाव्या. त्यांची किंमत किरकोळ असते.

पांचवी गोष्ट कॉम्प्रेसराची. गळती तशीच ठेवून नवा कॉम्प्रेसर बसविणें म्हणजे फुटक्या हंड्याखालीं जाळ वाढविणें होय. गळक्या मोटारींत कॉम्प्रेसर विसांवा न घेतां राबतो व झिजतो. १९९० नंतरच्या रेंज रोव्हरसारख्या गाड्यांत तो विजेच्या मोटरीवर चालतो. तेथें तर तो जळूनच जातो. म्हणून आधीं गळती, मग कॉम्प्रेसर, हा क्रम मोडूं नये. ज्या गाड्यांत हवा सुकविणारा डबा असतो, त्यांतील सिलिका जेल त्याच वेळीं बदलावें. टाकींतील पाणी वेळोवेळीं काढून टाकावें, विशेषतः पावसाळ्यांत.

आतां तिघां बंधूंच्या मतांकडे वळूं. थोरल्यांचें म्हणणें रबर व व्हाल्व्ह यांपुरतें सर्वस्वी खरें आहे. मधल्यांचें धातूच्या भागांपुरतें खरें आहे. कंस, झांकणें, टाकीचे आधार हे वापरलेले घेण्यास हरकत नाहीं, मात्र गंज पाहून घ्यावा. कुर्ल्याचा वापरलेला फुगा मात्र फुकट मिळाला तरी घेऊं नये. धाकट्यांचें मत एका निराळ्या प्रश्नावर अवलंबून आहे : ही मोटार घरांत कशासाठीं ठेवावयाची?

केंद्र सरकारनें २०२१ च्या जुलैंत जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें झालेली व मूळ स्वरूपांत राखलेली मोटार 'व्हिंटेज' म्हणून नोंदतां येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये असून तीस 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो. चासी, सांगाडा वा इंजिन यांत फेरफार केलेल्या मोटारीस ही नोंदणी मिळत नाहीं. आणि अशी मोटार रोजच्या वापरास चालत नाहीं. प्रदर्शन, जुन्या मोटारींची फेरी, दुरुस्ती, इंधन अशा कारणांसाठींच ती रस्त्यावर आणतां येते. म्हणजे कुटुंबाचा ठेवा म्हणून ती नोंदवावयाची असेल तर हवेची मूळ रचना राखणेंच योग्य. पण मग त्या मोटारीनें अंबाजोगाईची वारी करण्याचा बेत सोडावा. उलट ती नित्याच्या नोंदणीवर चालवावयाची असेल आणि जवळपास जाणता कारागीर नसेल, तर लोखंडी स्प्रिंगांचा विचार करण्यांत कमीपणा नाहीं. त्याच घराण्यांतील '२८० एसई' मोटारीस लोखंडी स्प्रिंगा असत, म्हणून त्या येथें सहज बसतील असें मात्र समजूं नये. दोहोंच्या बैठकी व आधार निराळे आहेत; कापाकापी केली तर मागें फिरतां येणार नाहीं. जें काढाल तें पुसून, चिठ्ठ्या लावून जपून ठेवावें.

दोन सावधगिरीच्या सूचना देतों. मोटार धुतल्यावर खालून डिझेल किंवा जळकें तेल फवारण्याची चाल आपल्याकडे आहे. पत्र्यास तें मानवत असेल, रबरास तें विष आहे. कारागिरास आधींच बजावावें. बीडकडील उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांवर जातो, तेव्हां मोटार सावलींत ठेवावी. दुसरी सूचना जिवाची आहे. केवळ हवेवर उभ्या असलेल्या मोटारीखालीं कोणीही, क्षणभरही, शिरूं नये. नळी सुटली कीं शेंकडों किलो भार निमिषांत खालीं येतो. जॅकवरही विसंबूं नये. भक्कम लोखंडी घोड्या लावून, हवा काढून टाकल्यावरच हात घालावा. घरांतील मुलांना उत्सुकतेनें खालीं वांकून पाहण्याची संवय असते, त्यांना अंगणांतूनच दूर ठेवावें.

सारांश असा कीं, मोटार कशासाठीं ठेवावयाची तें आधीं चौघांनीं बसून ठरवावें, गळती कोठें आहे तें मोजून काढावें, आणि मग रबर ताजें, धातु निर्मळ व माप अचूक पाहून माल घ्यावा. खर्चाच्या वहींत प्रत्येक भागाचा क्रमांक, उत्पादनाची तारीख व बसविल्याची तिथि लिहून ठेवावी. पुढच्या पिढीस मोटारीइतकाच त्या वहीचाही उपयोग होईल.