आत्मे पारखायचे, की फक्त हाकलायचे?

एका प्रवचनकाराचे म्हणणे थोडक्यात असे: खोट्या शिक्षणामागे दुष्टात्मा असतो, म्हणून शिकवणाऱ्याशी वाद घालू नये, त्याच्यातला आत्मा बांधावा. हे ज्याला पटत नाही तोही त्याच आत्म्याच्या ताब्यात. यातला पहिला भाग शास्त्रातला आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात भुतांच्या शिक्षणाचा उल्लेख आहे. उरलेले सगळे प्रवचनकाराच्या पदरचे आहे, आणि ते घातक आहे.

किती घातक, ते सेलमने पाहिले. 1692 साली मॅसॅच्युसेट्समधल्या त्या गावात मुलींना झटके येऊ लागले. अमक्या बाईची छाया आपल्याला चिमटे काढते, असे त्या सांगत. ती छाया इतरांना दिसत नसे, तरी न्यायालयाने ती पुरावा मानली. आरोपी त्या वेळी स्वतःच्या घरी होती, हे दाखवून उपयोग नव्हता. छाया सैतानाने पाठवलेली, मग देह कुठेही असो. सत्तरीतल्या रिबेका नर्सला ज्यूरीने आधी निर्दोष ठरवले, फेरविचार करायला सांगितल्यावर दोषी. गावचे माजी पाळक जॉर्ज बरोज यांनी फाशीच्या वेळी प्रभूची प्रार्थना न अडखळता म्हटली. सैतानाच्या सेवकाला ती धड म्हणता येत नाही, अशी तेव्हाची समजूत होती, त्यामुळे जमाव हेलावला. तेव्हा कॉटन मॅदर या पाळकाने घोड्यावरून लोकांना समजावले की सैतानही तेजस्वी दूताचा वेष घेतो, असे तेव्हाचा वृत्तान्त सांगतो. वचन करिंथकरांस दुसऱ्या पत्रातले, खरेच. पण वापर पाहा: कसोटीत नापास झाला तर माणूस सैतानाचा, पास झाला तरी सैतानाचाच! 19 जण फासावर गेले, एकाला दगडांखाली चिरडून मारले. 1697 मध्ये त्या न्यायालयातले एक न्यायाधीश, सॅम्युअल सूअल, बॉस्टनच्या चर्चमध्ये उभे राहिले आणि त्यांची कबुली मंडळीसमोर वाचली गेली. सेलममध्ये सैतानाने काम केले असेल, तर ते याच तर्कातून.

प्रत्यक्ष येशूवरही बालजबूलाचा आरोप झाला होता. प्रवचनकाराचा नियम तिथे कोणाच्या बाजूने जातो?

आजाराचेही तेच. कोणी भूतग्रस्त आहे यावर सहज विश्वास ठेवू नये, अशी ताकीद 1614 च्या रोमन विधिग्रंथात याजकांना आहे. तरी 1976 मध्ये बव्हेरियात, अपस्माराचे निदान झालेली 23 वर्षांची विद्यार्थिनी महिनोन्महिने भूत काढण्याचे विधी होऊन उपासमारीने गेली. 1978 मध्ये तिचे आईवडील आणि दोन याजक दोषी ठरले.

उपासाचा जुना वादही इथे निघतोच. उपास न धरणाऱ्याची श्रद्धा कच्ची म्हणणाऱ्यांनी तीमथ्याचा तोच अध्याय पुढे वाचावा. तिथे भुतांचे शिक्षण म्हणून काय सांगितले आहे? लग्नाला मनाई आणि अन्नाला मनाई. वरून भक्तीसारखे दिसणारे हे शिक्षण आरडाओरड्याने सापडत नाही. काय शिकवले जाते ते तपासावे लागते.

योहानाचे पहिले पत्र म्हणूनच आत्मे पारखायला सांगते, आणि कसोटी कानांनी ऐकता येईल अशी देते: येशू ख्रिस्त देहाने आला हे शिकवणारा कबूल करतो का? बिरुयाच्या लोकांनी पौलाचे बोलणेसुद्धा रोज शास्त्र उघडून ताडून पाहिले, आणि प्रेषितांच्या कृत्यांत त्यांची वाखाणणी झाली. गरसेकरांच्या प्रदेशातला भूतग्रस्त मुक्त झाला तेव्हा लोकांना तो कपडे घालून, शुद्धीवर येऊन बसलेला दिसला. येशूने त्याला घरी पाठवले, आणि पुढे दकापलीसमध्ये आपली हकीकत तो स्वतःच्या तोंडाने सांगत फिरला.