विश्लेषण : ढोल-ताशा, डीजेच्या दणदणाटात कान कसे वाचवावेत? सोयीचा इअरप्लग कसा निवडावा?

गणेशोत्सवाच्या कितीतरी आठवडे आधी पुण्यात नदीकाठी ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात. मग विसर्जन मिरवणूक, नवरात्र, लग्नसराईतील डीजे आणि वर्षअखेरीच्या संगीत मैफली असा मोठ्या आवाजाचा हंगामच सुरू राहतो. कानात कापसाचा बोळा घालणे हा त्यावरचा घरोघरचा उपाय. अलीकडे पथकांतील तरुण आणि मैफलींना जाणारे श्रोते इअरप्लग वापरू लागले आहेत. मात्र ऑनलाइन दुकानांत पन्नास रुपयांपासून काही हजारांपर्यंत इतके प्रकार दिसतात की नेमका कोणता घ्यावा, हे कळत नाही. त्यातच कानाला टोचणारा किंवा गाणे बेचव करणारा प्लग दहा मिनिटांत खिशात जातो. खिशातला प्लग कितीही चांगला असला, तरी त्याचा उपयोग शून्य.

मोठ्या आवाजाने कानाला नेमके काय होते?

अंतर्कर्णात गोगलगाईच्या शंखासारखा एक अवयव असतो. त्यात सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाच्या लहरींनी त्या हलतात आणि त्यांचे संकेत मेंदूपर्यंत जातात. आवाज फार मोठा असेल किंवा फार वेळ टिकला तर या पेशी थकतात. मिरवणुकीनंतर कानात दडे बसणे, शिट्टी वाजल्यासारखे होणे हे त्याचेच लक्षण. बहुतेकदा एक-दोन दिवसांत बरे वाटते आणि तो प्रकार विसरला जातो. मात्र असे वारंवार झाल्यास पेशी मरतात. माणसाच्या शरीरात त्या पुन्हा तयार होत नाहीत. त्वचा भरून येते, हाड सांधते, पण गेलेली केसपेशी परत येत नाही.

हे नुकसान हळूहळू होते. सुरुवातीला उंच पट्टीचे आवाज कमी होतात. माणसाला बोलणे ऐकू येते, पण गर्दीत शब्द स्पष्ट कळत नाहीत. काहींना कानात सतत आवाज येत राहतो. या कर्णनादावर हमखास उतरेल असे औषध नाही. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत ज्याच्या कार्यक्रमांना प्रचंड गर्दी झाली, त्या ‘कोल्डप्ले’चा गायक ख्रिस मार्टिन या त्रासाबद्दल जाहीरपणे बोलला आहे आणि रंगमंचावर कानांचे संरक्षण वापरतो.

किती आवाज, किती वेळ सुरक्षित?

अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा संस्थेच्या (नायॉश) शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत चालू शकतो. त्यापुढे दर तीन डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे ८८ डेसिबलला चार तास, ९४ ला एक तास, १०० ला जेमतेम १५ मिनिटे आणि १०३ ला साडेसात मिनिटांच्या आसपास.

पुण्यातील विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे घेतलेल्या नोंदींत शंभर डेसिबलच्या आसपासचे आणि त्याहून मोठे आवाज अनेकदा आढळले आहेत. मिरवणूक पाहणारा तिथे काही तास असतो. ढोल वाजवणारा मात्र त्या आधीचे कित्येक दिवस सरावही करत असतो. मिरवणुकीचा एक दिवस सर्वांच्या लक्षात राहतो. सरावाच्या संध्याकाळी कुणी मोजत नाही, कान मात्र मोजत असतात.

इअरप्लगचा खरेच उपयोग होतो का?

याची थेट चाचणी झाली आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममधील एका खुल्या संगीत महोत्सवात ५१ स्वयंसेवक साडेचार तास थांबले. आवाजाची सरासरी पातळी सुमारे १०० डेसिबल होती. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे काहींना इअरप्लग देण्यात आले, काहींना नाही. कार्यक्रमानंतर तपासणी केली असता प्लग न घातलेल्यांच्या ४२ टक्के कानांत तात्पुरती श्रवणक्षमता घटलेली आढळली. प्लग घातलेल्यांत हे प्रमाण ८ टक्के होते. कानात आवाज येण्याची तक्रार अनुक्रमे ४० आणि १२ टक्के जणांनी केली. प्रयोग लहान होता, पण फरक मोठा होता.

कापसाचा बोळा का पुरत नाही?

कापूस सच्छिद्र असतो आणि कानाच्या नळीत घट्ट बसत नाही. हवा जाईल तिथून आवाजही जातो. त्यामुळे कापसाने थोडाच फरक पडतो, पण ‘आपण काळजी घेतली आहे’ असे वाटून माणूस स्पीकरजवळ अधिक वेळ थांबतो. शिवाय कापसाचे तंतू आत अडकून राहण्याची शक्यता असते. रुमाल, कागदाचा तुकडा यांनाही हेच लागू होते. बाहेरचा आवाज दाबणारे इअरबड्सही संरक्षणाचे साधन म्हणून गृहीत धरू नयेत. त्यांचा भर विमान किंवा इंजिनच्या एकसुरी घरघरीवर असतो. ताशाच्या अचानक कडकडाटापुढे ते किती टिकतील, हे प्रत्येक उत्पादनानुसार बदलते.

फोमचे की संगीतासाठीचे इअरप्लग?

फोमचे प्लग स्वस्त, मऊ आणि सर्वाधिक आवाज अडवणारे असतात. दाबले की बारीक होतात आणि कानात गेल्यावर हळूहळू फुलतात. त्यांची अडचण अशी की ते उंच पट्टीचे आवाज जास्त आणि खर्जातले कमी अडवतात. ताशाची तर्री हरवते, ढोलाचा घुमारा राहतो आणि गाणे गोधडीतून ऐकल्यासारखे लागते. स्पीकरच्या भिंतीशेजारून जाताना किंवा फटाक्यांच्या वेळी हेच उत्तम. संगीत ऐकायचे असेल तर मात्र कंटाळा येतो.

संगीतासाठीच्या प्लगमध्ये बारीक नळी आणि गाळणी असते. खर्ज आणि तार अशा दोन्ही पट्ट्यांतले आवाज जवळजवळ सारख्या प्रमाणात कमी व्हावेत, अशी त्याची रचना असते. १९८८ मध्ये अमेरिकेतील एटिमोटिक रिसर्च कंपनीने संगीतकारांसाठी १५ डेसिबल आवाज कमी करणारा असा प्लग आणला आणि तिथून हा प्रकार रुजला. यात गाण्याचा पोत टिकतो, फक्त आवाज खाली येतो. मैफल, नाट्यगृह, लग्नातील डीजे यांसाठी हा प्रकार योग्य.

तिसरा प्रकार म्हणजे कानाचा साचा घेऊन बनवलेला प्लग. तो महाग असतो, पण तासन् तास टोचत नाही. दर वर्षी वाजवणारा वादक, साउंड ऑपरेटर, बँडवाले यांच्यासाठी हा खर्च चैनीचा नाही, व्यवसायाचा भाग आहे.

वेष्टनावरील आकडा कसा वाचावा?

वेष्टनावर ‘एनआरआर’ (अमेरिकी पद्धत) किंवा ‘एसएनआर’ (युरोपीय पद्धत) असा आकडा असतो. तो प्रयोगशाळेतला असतो, रस्त्यावरचा नसतो. अमेरिकेतील कामगार सुरक्षा क्षेत्रात एक सावध पद्धत वापरतात. एनआरआरमधून सात वजा करायचे आणि उरलेल्याचे निम्मे धरायचे. म्हणजे ३३ चा फोम प्लग प्रत्यक्षात १३ डेसिबल आवाज कमी करेल, असे समजायचे. मिरवणुकीत १०३ डेसिबल असतील तर कानापर्यंत ९० पोहोचतील आणि साडेसात मिनिटांऐवजी अडीच तासांच्या आसपास वेळ मिळेल. नीट बसवल्यास याहून चांगले संरक्षण मिळते. असा कोणताच आकडा छापलेला नसेल, तर तो प्लग घेऊ नये.

आकडा मोठा तितके चांगले, असेही नाही. फार आवाज अडला तर शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही, गाडीचा हॉर्न कळत नाही आणि माणूस प्लग काढून टाकतो. अंगावर ठेवलेल्या संरक्षणाची किंमत सतत वापरण्यात आहे. तासभरातली १५ मिनिटे प्लग काढून ठेवला, तर त्या १५ मिनिटांचा मार उरलेल्या वेळच्या संरक्षणावर पाणी फिरवतो.

कानाला सोयीचा प्लग कसा ओळखावा?

आकार : एकाच माणसाचे दोन कान सारखे असतीलच असे नाही. म्हणून लहान, मध्यम, मोठी अशी टोके असलेला संच घ्यावा. उजव्या कानात मध्यम आणि डाव्यात लहान टोक बसले तर त्यात वावगे काही नाही. प्लग सतत बाहेर येत असेल तर टोक बदलावे. वीस मिनिटांत कान दुखू लागला तर ते मोठे आहे.

साहित्य : फोम मऊ असतो, पण घाम व धुळीने लवकर खराब होतो. तो दोन-चार वापरांनंतर टाकून द्यावा. सिलिकॉन साबणाच्या कोमट पाण्याने धुता येते. त्वचेला खाज किंवा पुरळ येत असल्यास साहित्य बदलून पाहावे.

दांडी : फार लांब दांडी फेट्याला, टोपीला किंवा हेल्मेटला घासते आणि प्रत्येक घासणीचा आवाज आत घुमतो. फार आखूड असेल तर प्लग काढता येत नाही. दोरीचा प्लग वादकांना सोयीचा, कारण तो गर्दीत पडून हरवत नाही.

आवाज : प्लग घातल्यावर स्वतःचा आवाज घुमतो. हे नैसर्गिक आहे. पहिल्यांदा मिरवणुकीत न घालता घरी अर्धा तास घालून पाहावा, म्हणजे सवय होते.

घालण्याची योग्य पद्धत कोणती?

कानाची नळी सरळ नसते, तिला वळण असते. म्हणून एका हाताने डोक्यावरून कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, म्हणजे नळी सरळ होते. फोम प्लग कोरड्या, स्वच्छ बोटांनी वळून बारीक करावा, आत सरकवावा आणि फुलेपर्यंत २०-३० सेकंद बोटाने धरून ठेवावा. आरशात बाहेर लोंबताना दिसला तर तो नीट बसलेला नाही. सिलिकॉनचा प्लग किंचित फिरवत आत न्यावा. काढताना झटका देऊ नये, हळूहळू फिरवत काढावा. कार्यक्रम सुरू होण्याआधी घालावा, कान दुखल्यावर नव्हे.

कुणी अधिक काळजी घ्यावी?

लहान मुलांच्या कानात प्लग घालणे अवघड आणि धोक्याचे, कारण ते तोंडात जाऊ शकतात. त्यांच्यासाठी डोक्यावरून घालायचे कानटोप, म्हणजे इअरमफ वापरावेत आणि मुलाला खांद्यावर घेऊन स्पीकरसमोर उभे राहू नये. कान वाहत असेल, पडद्याला छिद्र असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर कानाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्लग घालू नये. मळ साचलेला असल्यास प्लग तो आत ढकलतो. दडे किंवा शिट्टी दोन दिवसांहून अधिक टिकल्यास ऐकण्याची तपासणी करावी. एका कानाने अचानक ऐकू येणे कमी झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, कारण अशा वेळी उपचारांना उशीर महागात पडतो.

जबाबदारी फक्त ऐकणाऱ्याची आहे का?

नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा खुल्या जागेत ध्वनिक्षेपकांना बंदी असून सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यातील ढोल-ताशा पथकांत ३० जणांची मर्यादा घातली, तिला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. संख्येचा वाद न्यायालयात असला, तरी वादकाच्या कानाचा प्रश्न पथकालाच सोडवावा लागेल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीत कार्यक्रमांसाठी मानक जाहीर केले. १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, आवाजाची सतत मोजणी व्हावी, श्रोत्यांना इअरप्लग मिळावेत आणि विसाव्यासाठी शांत जागा असावी, असे त्यात म्हटले आहे. मंडळे आणि आयोजकांना यातले बरेच काही आजही करता येईल. पथकाच्या गणवेशाच्या खर्चात एक प्लगची जोडी सहज बसते. पण रस्त्याकडेच्या घरातले आजारी आजोबा, तान्हे बाळ, बंदोबस्तावरचे पोलीस यांनी प्लग मागितलेला नसतो. त्यांच्यासाठी उपाय एकच, आवाजच कमी करणे. इअरप्लग हा स्वतःच्या कानाचा बंदोबस्त आहे, आवाज वाढवण्याचा परवाना नव्हे.