घरपट्टी भरली, तरी घर अनधिकृत कसं? मुकुंदवाडीतला प्रश्न आणि दोन विभागांमधली न लिहिलेली ओळ

जून 2025 मध्ये छत्रपती संभाजीनगर महापालिकेनं मुकुंदवाडीत जालना रोडलगतची बांधकामं पाडली. अशा कारवाईनंतर एक प्रश्न हमखास येतो: आम्ही घरपट्टी भरतो, मग घर अनधिकृत कसं?

कायद्याचं उत्तर सरळ आहे, म्हणूनच चीड आणणारं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 267-अ नुसार बेकायदा इमारतीवर कर आणि वर शास्तीही लावता येते. पण ती भरल्यानं बांधकाम नियमित होत नाही. कर विभाग इमारत उभी आहे का ते बघतो, नगररचना विभाग परवानगी आहे का ते बघतो. दोघंही आपापल्या नियमानं बरोबर. मधल्या मध्ये अडकतो तो पावती जपून ठेवणारा.

मग कामाची पद्धत लिहिलेली नसते का?

असते. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4(1)(ख) नं प्रत्येक कार्यालयाला 2005 पासून 17 बाबी स्वतःहून जाहीर करायला सांगितल्या आहेत. निर्णय कसा होतो, जबाबदारी कुणाची, हेही त्यात येतं. राज्याच्या विलंब प्रतिबंध कायद्यात तर मुदती आहेत: एका टेबलावर फाईल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त नको, दुसऱ्या विभागाला विचारायचं नसेल तर 45 दिवसांत निर्णय, विचारायचं असेल तर तीन महिन्यांत. म्हणजे विभाग बदलला की वेळ दुप्पट लागतो, हे कायद्यालाही मान्य आहे!

2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात अपिलं आहेत, 500 ते 5,000 रुपये दंड आहे. पण मुदत मोजली जाते ती परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून. दुसऱ्या विभागाचा एक दाखला कमी असला की या विभागाचं घड्याळ सुरूच होत नाही.

शेजारच्या नगर जिल्ह्यात 1980 च्या दशकात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कार्यालयाची आणि दप्तराची नवी घडी बसवली. 'लखीना पॅटर्न' गाजला.

कारखाने काय करतात?

मुकुंदवाडीला लागूनच चिकलठाणा एमआयडीसी आहे. आयएसओ 9001 घ्यायचं असेल तर कारखान्याला प्रत्येक खात्याचं काम वेगवेगळं लिहून भागत नाही. एका प्रक्रियेतून निघालेलं दुसरीत कोणत्या क्रमानं जातं, त्यांचा एकमेकींशी संबंध काय, हेही ठरवावं लागतं. खरेदीनं मागवलेला माल तपासणीविना मशीनवर गेला, तर 'माझं काम मी केलं' हे उत्तर ऑडिटमध्ये चालत नाही.

मुकुंदवाडीतल्या घरमालकाला हे महापालिकेत तपासता येईल. कर आणि नगररचना, दोन्ही विभागांची 4(1)(ख) ची माहिती मागायची आणि शेजारी ठेवून वाचायची. विनापरवाना घराला कर लावल्यावर नगररचनेला कळवायचं का, कुणी, किती दिवसांत, आणि घरमालकाला ते कधी सांगायचं, ही ओळ दोन्हीपैकी एकीत तरी आहे का ते बघायचं.