खातं भाड्यानं देऊ नका : जालनेकरांना तातडीचं आवाहन

घरात अठरा-वीस वर्षांचं पोरगं किंवा पोरगी असेल, तर आज रात्री जेवताना एवढंच विचारा : तुझं एटीएम कार्ड कुठंय? नुसतं विचारू नका, काढून दाखवायला सांगा. "मित्राकडं आहे", "कंपनीच्या कामासाठी दिलंय", "उद्या आणतो" असं उत्तर आलं, तर पुढचा घास राहू द्या आणि सगळं नीट विचारून घ्या. उद्यापर्यंत थांबण्यासारखं ते प्रकरण नाही.

मी बँकेतला माणूस. याच जिल्ह्यातल्या शाखांमध्ये काउंटरवर उमेदीची वर्षं गेली, आता निवृत्त आहे. ओळखीचे लोक अजून कागद घेऊन घरी येतात. आधी पीककर्ज, वारसनोंद, मुदतठेव असले विषय असायचे. आता येणारा माणूस दार लोटून घेतो आणि हळू आवाजात सांगतो, "साहेब, पोराचं खातं फ्रीज झालंय. कुठल्या तरी लांबच्या राज्यातल्या पोलिसांची नोटीस आलीय. पोरगं तर तिकडं कधी गेलंच नाही."

पोरगं गेलं नसेल. त्याचं खातं गेलेलं असतं.

कसं, ते सांगतो. समजा, एका निवृत्त शिक्षिकेला व्हिडिओ कॉल येतो. समोर खाकी वर्दी, मागं भिंतीवर राजमुद्रा. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडलेत, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. (आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये हेच सांगितलं होतं, तरी लोक फसतातच, कारण भीतीपुढं अक्कल चालत नाही.) बाई घाबरून आयुष्याची पुंजी 'पडताळणीसाठी' पाठवते. ती रक्कम एका खात्यात पडते. तिथून काही मिनिटांत दहा-वीस खात्यांत तिचे तुकडे होतात, तिथून आणखी पुढं. मग कुणी एटीएममधून नोटा काढतो, कुणी चेकनं उचलतो, कुणी यूएसडीटी नावाचं आभासी चलन घेतो. ते चलन पासपोर्टशिवाय सीमा ओलांडतं. बाईनं फोन ठेवून पाणी पिईपर्यंत पैसा आग्नेय आशियात कुणाच्या तरी पाकिटात गेलेला असतो.

या साखळीतलं सगळं परदेशात बसून जमवता येतं. वर्दी शिवून घेता येते, नंबर बनवता येतो. जमत नाही ते एकच : भारतातल्या बँकेत खऱ्या आधार-पॅनवर उघडलेलं खातं. त्यासाठी टोळीला परतूर लागतं, मंठा लागतं, भोकरदन लागतं. म्हणून टेलिग्रामवर जाहिरात येते, नाहीतर गावातलाच कुणी 'भाऊ' भेटतो. खातं उघड, पासबुक, चेकबुक, एटीएम आणि त्याला जोडलेलं सिम असं सगळं 'किट' दे, बदल्यात काही हजार घे. दुष्काळ-अतिवृष्टीनं पिचलेल्या घरातल्या पोराला ते फुकटचे वाटतात. चोरी केली नाही, कुणाला फसवलं नाही, नुसतं खातं दिलं, असंच त्याला वाटत असतं.

आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. अंबड आणि घनसावंगीच्या अतिवृष्टी अनुदानात ज्यांना एक गुंठाही नाही अशांच्या खात्यांवर पैसे गेल्याचं चौकशीत निघालं, तलाठी निलंबित झाले. तिथं पैसा सरकारचा होता आणि चोर घरचे. पण दुसऱ्याचा पैसा पचवायला तिसऱ्याचं खातं लागतं, हे आपण तेव्हाच पाहिलं.

आता कॉलच्या दुसऱ्या टोकाला कोण बसलंय ते बघा, कारण तिथंही आपलंच लेकरू असू शकतं. बँकॉकला डेटा एंट्रीची नोकरी, चांगला पगार, राहणं-खाणं कंपनीचं, अशी जाहिरात येते. थायलंडला भारतीयांना व्हिसा लागेनासा झाल्यापासून एजंटांचं काम आणखी सोपं झालं. पोरगा बँकॉकला उतरतो, गाडी त्याला रातोरात मे सोतला नेते, तिथून मोई नदी ओलांडली की म्यानमारचं म्यावाडी. पासपोर्ट काढून घेतला जातो. कंपाउंडला तारेचं कुंपण, दारावर बंदूकवाले. दिवसाला इतके लोक फसवायचे, नाहीतर मार आणि विजेचे झटके. ऑगस्ट २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानं अंदाज दिला होता : म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख माणसं अशी डांबलेली आहेत. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी मे सोतहून ५४९ भारतीयांना परत आणलं. नोव्हेंबरमध्ये पुन्हा विमानं पाठवावी लागली. महाराष्ट्र सायबरनंही म्यानमारमधून साठाच्या वर लोक सोडवून आणले आणि त्यांना तिकडं पाठवणाऱ्या दलालांना पकडलं.

म्हणजे एक मराठी पोरगा तिकडं मार खात फोन लावतो, दुसरा इकडं खातं भाड्यानं देतो, आणि मधल्या मध्ये कुणाची तरी आई लुटली जाते. मालक मात्र तिघांनाही कधी दिसत नाही. तो किती मोठा असू शकतो त्याचा नमुना ऑक्टोबर २०२५ मध्ये मिळाला. अमेरिकेनं कंबोडियातल्या प्रिन्स ग्रुपच्या प्रमुखावर खटला भरला आणि १ लाख २७ हजारांवर बिटकॉइन जप्तीसाठी ताब्यात घेतले, किंमत सुमारे १५ अब्ज डॉलर. आपल्या केंद्र सरकारनं संसदेत दिलेला आकडा : २०२४ या एका वर्षात भारतीयांचे सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गेले.

टोळी सायबरची असो की अमली पदार्थांची, पसरते ती अशी भाड्याच्या वस्तूंवर. ज्या गावात तिचा एकही माणूस राहत नाही, तिथं ती नाव भाड्यानं घेते, सिम घेते, शेडही घेते. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेजारच्या छत्रपती संभाजीनगर-पैठण भागात डीआरआयनं (महसूल गुप्तचर संचालनालयानं) छापे घातले आणि कोकेन, मेफेड्रोन, केटामाइन असा सुमारे २५० कोटींचा माल पकडला. चार महिन्यांनी पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यातून मेफेड्रोनचे साठे काढले, आणि त्यातला माल लंडनपर्यंत गेल्याचं तपासात आलं. जालन्याच्या एमआयडीसीत बंद पडलेलं शेड ज्यांच्याकडं आहे त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. भाडं बाजारापेक्षा जास्त आणि रोखीनं येत असेल, तर आत काय चाललंय ते एकदा स्वतः जाऊन बघा.

"मला माहीत नव्हतं" हे उत्तर आता फार काळ चालणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ मध्ये सायबर गुन्हे संघटित गुन्हेगारीत धरलेत, आणि अशा टोळीला जाणूनबुजून मदत करणाऱ्यालाही किमान पाच वर्षांची कैद आणि पाच लाखांचा दंड लिहिलाय. पोराला खरंच माहीत नव्हतं हे कोर्टात सिद्ध होईलही. पण तोवर पोलीस भरतीची चारित्र्य पडताळणी येऊन गेलेली असते.

चूक फक्त पोरांची नाही, मी माझ्या धंद्याबद्दलही बोललं पाहिजे. मी होतो त्या शाखेत खाती उघडण्याचं टार्गेट असायचं, आणि एका दिवशी एकाच मोबाइलवरून आलेल्या सहा जणांना "काय रे, कशासाठी?" असं विचारायला कुणाला फुरसत नसायची. मलाही नव्हती. जून २०२५ मध्ये सीबीआयनं पाच राज्यांत ४२ ठिकाणी छापे घातले, तेव्हा निघालं की देशातल्या ७०० हून जास्त शाखांमध्ये मिळून सुमारे साडेआठ लाख अशी भाडोत्री खाती उघडली गेली होती. मग १ डिसेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल अरेस्टचा देशभरचा तपास सीबीआयकडं दिला आणि बँकवाल्यांची भूमिकाही तपासायला सांगितलं. माझ्या जुन्या सहकाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

सरकारं काही करत नाहीत असं नाही. सीमेपलीकडच्या टोळ्यांविरुद्ध देशांनी एकमेकांना मदत करावी म्हणून २००० साली संयुक्त राष्ट्रांचा करार झाला, भारतानं तो २०११ मध्ये मान्य केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये थायलंडनं म्यावाडीकडची वीज, इंटरनेट आणि इंधन तोडलं. तरी अड्डे संपले नाहीत, जनरेटर आणि उपग्रहाचं इंटरनेट लावून चालू राहिले. एका देशातून हाकललं की टोळी दुसऱ्या देशात बिऱ्हाड मांडते, आणि पोलिसांचं पत्र या वकिलातीतून त्या वकिलातीत जाईपर्यंत महिने जातात. या शर्यतीत सरकार पैशाच्या मागं धावून जिंकणार नाही. पैसा निघायच्या आत अडवला तरच काही हाती लागतं, आणि तो अडवायची जागा म्हणजे इथलं खातं. १९३० या सायबर हेल्पलाइनच्या नंबरवर वेळेत आलेल्या तक्रारींमुळं २०२५ च्या मध्यापर्यंत ५,४८९ कोटी रुपये वाचल्याचं सरकारनं सांगितलंय. तेवढे वाचले ते पैसे अजून इथल्या खात्यांतच होते म्हणून.

म्हणून जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि अग्रणी बँकेकडं माझी मागणी लांबलचक नाही. जिल्हास्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत पीककर्जाच्या आकड्यांबरोबर भाडोत्री खात्यांचा आकडाही शाखेनुसार ठेवा. वर्षभर झोपलेल्या शून्य शिल्लकीच्या खात्यात अचानक लाखो रुपये येऊन तासाभरात निघून जात असतील, तर शाखेनं त्याच दिवशी खातेदाराला बोलवावं. आणि खातं गोठवताना वादातली रक्कम तेवढीच अडवा. मोसंबीच्या अडतीवर चहा विकणाऱ्याच्या खात्यात कुणा ठगाचे चाळीस रुपये क्यूआर कोडवरून आले, म्हणून त्याचं सगळं खातं महिनोन् महिने बंद राहिलं, तर पुढच्या वेळी तो पोलिसांना मदत करायला कशाला येईल?

ग्रामपंचायतींनी पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. ऊसतोडीला जाणाऱ्या मुकादमांनी टोळी निघायच्या आधी मजुरांची कार्डं त्यांच्याच हातात राहतील एवढं बघावं. ज्याची उचल थकलीय त्याचं कार्ड ठेवून घ्यायची जुनी खोड आता मुकादमालाच तुरुंगात नेऊ शकते. कॉलेजांच्या प्राचार्यांनी शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेताना हेच सांगायला दोन मिनिटं काढावीत.

परदेशी नोकरीचं कुणी सांगत आलं तर एजंट नोंदणीकृत आहे का ते सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर बघा. नोंदणीकृत एजंटाला तीस हजार रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त फी घेता येत नाही. पर्यटक म्हणून जा, व्हिसा तिथं गेल्यावर बदलून देऊ, असं जो म्हणतो त्याच्याशी पुढं बोलूच नका. संचार साथी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत तेही बघून घ्या. अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच बंद करायला सांगता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली 'पीएम किसान', 'चलान' किंवा लग्नपत्रिका नावाची एपीके फाइल उघडू नका, ज्यानं पाठवली तो सख्खा मेहुणा असला तरी. त्याचा फोन आधीच गेलेला असतो.

पैसे गेले तर लाजू नका. पहिला फोन १९३० ला, पुतण्याला नंतर.

आणि ज्यांनी खातं आधीच देऊन टाकलंय त्यांच्यासाठी. बाबांनो, अजून नोटीस आली नसेल तर वेळ आहे. उद्या सकाळी दहाला शाखेत जा. कार्ड आणि नेट बँकिंग बंद करायला सांगा, खात्याला जोडलेला नंबर बदला, खातं कुणाला, कधी आणि कशासाठी दिलं ते खरं खरं लिहून अर्ज द्या. 'भाऊ'ला आधी फोन करून कळवू नका. शाखेतून निघाल्यावर तसाच एक अर्ज सायबर पोलीस ठाण्यात द्या, सोबत घरातलं कुणी मोठं माणूस घ्या. दोन्हीकडं अर्जाच्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्का घ्या. पोच देत नाहीत तोवर काउंटरवरून हलू नका.