‘पझेसिव्ह आहे गं तो!’ म्हणून सोडून द्यायचं?

जुलै २०२५ मध्ये साताऱ्यात एकतर्फी प्रेमातून एका मुलाने शाळकरी मुलीच्या गळ्याला भररस्त्यात चाकू लावला. जमलेल्या लोकांनी तिला सोडवलं. जून २०२३ मध्ये पुण्यात सदाशिव पेठेत, मैत्री तोडली म्हणून तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला. लेशपाल जवळगेसारखी मुलं मध्ये पडली म्हणून ती वाचली. दोन्ही व्हिडिओ आपण सगळ्यांनी स्टेटसला ठेवले.

पण चाकू निघण्याआधी काय काय होतं, ते कोणी शूट करत नाही. इन्स्टाचा पासवर्ड मागणं. ‘लाइव्ह लोकेशन टाक’, ‘त्याच्याशी का बोललीस?’, ‘तो ड्रेस घालायचा नाही’. भांडणात हात उचलायचा आणि रात्री रडून सॉरी म्हणायचं. आणि शेवटी ‘सोडून गेलीस तर नस कापून घेईन’. यावर मैत्रिणी काय म्हणतात? ‘पझेसिव्ह आहे गं, किती प्रेम करतो!’ आणि मुलांचा ग्रुप तर तिने होकार द्यायच्या आधीच तिला ‘वहिनी’ करून मोकळा होतो. मग तिचा नकार त्याला स्वतःची बेइज्जती वाटायला लागतो.

‘मग घरी का सांगत नाही?’ असं विचारणं सोपं आहे. सातारा-सांगलीच्या गावातून एसटीच्या पासवर कॉलेजला येणाऱ्या मुलीला पक्कं माहीत असतं, की घरी कळलं तर आधी तिचं कॉलेज बंद होणार आणि मग स्थळं बघायला सुरुवात. त्रास देणाऱ्यालाही हे माहीत असतं. म्हणून ‘तुझ्या घरी फोटो पाठवीन’ ही धमकी चालते. आईबाबांनो, पोरीचं शिक्षण थांबवून तुम्ही त्याचंच काम सोपं करता.

पाठलाग करणं, नको म्हटल्यावरही मेसेज करत राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट ठेवा. कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे किंवा निर्भया पथकाकडे जा. १८ वर्षांखालील मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या वेळी ११२ आहेच.

आणि मित्रांनो, लेशपाल व्हायला कोयत्याची वाट कशाला बघायची? ग्रुपमधला एखादा तिच्या मागे लागलेला दिसला, की त्याला तिथेच सांगा, ‘भावा, ती नाही म्हणाली ना? मग विषय संपला.’