कॅमेरा कोरडा ठेवणाऱ्याचं म्हणणं

होडीत कॅमेरा कोरडा ठेवणं हे माझं काम होतं. तीन दिवस तेवढंच केलं. राजपुरीच्या धक्क्यावरनं जंजिऱ्याला, जंजिऱ्यावरनं परत. कॅमेरेवाला उभा राहिला की मागनं त्याचा कमरपट्टा दोन्ही मुठींत धरायचा. लाट आली की अंगाचा आडोसा करायचा. काचेवर खारा तुषार बसला की गोड्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं टिपायचा, पुसायचा नाही, कारण मिठाचा कण काच ओरबाडतो. शिडाच्या होडीत तिवईचा काही उपयोग नाही. तिथं माणूसच तिवई. ते मी चोख केलं, हे आधी सांगून ठेवतो. नायतर उद्या म्हणाल, काम जमलं नाही म्हणून शिव्या घालतोय.

दोस्तहो, ही मंडळी मुंबईची. जलदुर्गांवर मालिका काढत होती. पैसे बरे होते, मी बेकार होतो, गेलो. आपले काही कविमित्र म्हणाले, प्रस्थापितांच्या कॅमेऱ्याचं ओझं वाहायला तू गेलासच कशाला? त्यांना विचारतो, माझ्या घरच्या डाळ-तांदळाचं बिल तुमच्या संग्रहाच्या रॉयल्टीतनं देता काय?

पहिल्या दिवशी व्यवस्थापकानं आडनाव विचारलं. सांगितलं. गाव विचारलं. सांगितलं. मग म्हणाला, "गावात कुठे?" हा प्रश्न तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. मी म्हणालो, बुद्धवाडीत. त्यानं फार सभ्यपणे मान हलवली. दुसऱ्या दिवशी जेवणाचे डबे आणि पाण्याचे जार दुसऱ्या पोराकडे गेले. मला म्हणाला, "तू कॅमेऱ्याजवळच बरा." असेनही. लाखोंचा कॅमेरा माझ्या हातात चालतो, डबा चालत नाही, हे गणित मी रात्रभर सोडवत बसलो. कुणी शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर निदान उत्तर तरी देता आलं असतं.

त्यांची संहिता मी वाचली. पानं वाऱ्यानं उडू नयेत म्हणून माझ्याच मांडीखाली होती. त्यात तोफा होत्या, कलालबांगडी होती. जवळ गेल्याशिवाय किल्ल्याचा दरवाजा दिसत नाही हेही होतं, आणि ते खरंच आहे. तांडेलकाकांनी होडी नेमकी वळवली तेव्हाच तो दरवाजा भिंतीतनं बाहेर आला. कॅमेरेवाला 'वा' म्हणाला. वळण काकांचं, 'वा' भिंतीला. आणि संहितेत होता 'क्रूर परका हबशी'. एवढा शब्द की झालं. आफ्रिकेतनं आलेली ही माणसं. त्यांतली कितीतरी गुलाम म्हणून विकत आणलेली. त्यांनी या खडकावर राज्य केलं आणि ते संस्थान 1948 साली भारतात विलीन होईपर्यंत टिकवलं. गुलामाचा राजा कसा झाला, हा प्रश्न यांना पडत नाही. सिद्दी काही आपला तारणहार नव्हता. राजा तो राजाच, त्याच्या राज्यातही शेतसारा रयतच भरत होती. पण पिढ्यान्‌पिढ्या इथंच जगला-मेला तो परका, आणि परवा मुंबईहून आलेला हा दिग्दर्शक भूमिपुत्र, हे कसं काय? या तटाचे दगड कुणी वाहिले, यावर त्या संहितेत एक ओळ नव्हती.

तिसऱ्या दिवशी किल्ल्यातल्या तळ्यावर शूटिंग. दिग्दर्शक काठावर उभा राहून म्हणाला, "चहूकडे खारा समुद्र आणि मधोमध गोडं पाणी! केवढा चमत्कार!" मला राहवलं नाही. म्हणालो, साहेब, याच जिल्ह्यात महाडला आणखी एक गोडं तळं आहे. तिथं 20 मार्च 1927 ला माणसं ओंजळभर पाणी प्यायली म्हणून त्यांची डोकी फुटली. आणि त्या तळ्यावर आमचा हक्क आहे हे मुंबईच्या हायकोर्टानं सांगायला 1937 साल उजाडलं. चमत्कार म्हणायचा तर याला म्हणा.

तो ऐकत होता. मला वाटलं, ऐकतोय तर पुढचंही सांगावं. म्हटलं, तुमचा विषय समुद्रप्रवासाचा आहे ना? मग हा प्रवास घ्या. त्याच वर्षी 24 डिसेंबरला बाबासाहेब मुंबईहून 'पद्मावती' बोटीनं निघाले. बोटीनं का? कारण वाटेतले मोटारवाले अस्पृश्यांना गाडीत घेतील याचा भरवसा नव्हता. रस्ता बंद म्हणून दर्या धरला. मुंबईहून बाणकोटच्या खाडीत शिरायचं तर याच किनाऱ्यासमोरनं जावं लागतं. 25 तारखेला दासगावला उतरले. तिथनं पाचेक मैल पायी महाड. आणि त्याच रात्री मनुस्मृती जाळली. दासगाव म्हणजे तेच, जिथं फौजेतनं निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर राहत होते. बाबासाहेब जन्मायच्या आधी, 1888 साली, 'विटाळ विध्वंसन' लिहिणारे. याहून मोठा समुद्रप्रवास या किनाऱ्यावर कुठला झाला, सांगा.

दिग्दर्शक हसला. वाईट नाही हसला. म्हणाला, "फारच छान आहे हे. पण हा वेगळा विषय आहे. याला वेगळा एपिसोड लागेल."

वेगळा! आमची वस्ती वेगळी, पाणवठा वेगळा, मसण वेगळं, आता एपिसोडही वेगळा. आणि तो कधी निघणार? 14 एप्रिलला, अर्ध्या तासाचा, पाठीमागे बासरी लावून.

मालिका आली. शेवटी पाट्या सरकल्या. ड्रोन उडवणाऱ्याचं नाव, केसांना कंगवा लावणारीचं नाव, हॉटेलचं नाव. तांडेलकाकांचं आणि माझं 'विशेष आभार : स्थानिक ग्रामस्थ' यात आलं. फोन केला तर म्हणाले, जागा कमी होती. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "दर्याला म्हायतय ना माजा नाव, बस झाला." काका मोठ्या मनाचे आहेत. मी नाही.

पण दोस्तहो, त्यांना शिव्या घालून माझं पोट भरेना म्हणून आता आपल्याकडे वळतो. मी स्वतः तिसाव्या वर्षापर्यंत दासगावच्या धक्क्यावर पाय ठेवला नव्हता. दरसाल महाडला गेलो, तळ्यावर गेलो, स्टॉलवर पुस्तकं घेतली, फोटो काढले, ट्रकात बसून परत आलो. ट्रक दासगावजवळनं जातो. एकदाही कुणाला म्हटलं नाही, थांबव. मग तो मुंबईचा माणूस थांबला नाही म्हणून मी कुठल्या तोंडानं बोलू? आपण पुतळे मागितले, नामांतर मागितलं, त्यासाठी रक्त सांडलं, बरोबरच केलं. पण तो जलमार्ग दाखवणारी एक फिल्म आपल्या पोरांच्या हातनं झालेली मला तरी बघायला मिळाली नाही. कॅमेरा त्यांचा, कमरपट्टा धरणारे हात आपले. हे हात कधीतरी सुटले पाहिजेत. पट्टा सोडायला, आणि कॅमेरा धरायला.

मागच्या महिन्यात मी आणि एक मित्र सावित्रीच्या खाडीत गेलो. भाड्याची होडी, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत. ओहोटी लागली होती, दोन्ही काठांना चिखल. चार मिनिटांचं चित्रण झालं. चित्र हलतंय, कारण मला मागनं धरणारं कुणी नव्हतं. मित्र वल्ह्यावर होता.

डिसेंबरात परत जातोय, या वेळी भरती बघून. होडीचं भाडं आणि डिझेल वर्गणीतनं काढू. यायचं असेल त्यानं अंकाच्या पत्त्यावर कार्ड टाकावं. भाकर आपापली आणायची, खायची मात्र एकत्र.